डझनात अकरा

तुम्ही दोघांनी त्या व्हिडिओवर लाल बदाम पाठवलेत. एकाने सहा, दुसरीने नऊ. खाली लिहिलंत, 'किती गोड गाणं आहे आजी, सगळे शब्द लिहून पाठव ना.' मी ते वाचलं आणि फोन पालथा घालून ठेवला. तीन आठवडे तुम्हाला उत्तर दिलं नाही, म्हणून तुमच्या आईने फोन करून विचारलं, बीपीची गोळी वेळेवर घेता ना. घेते. गोळीचा प्रश्न नाही. मला राग आला आहे. तो कोणाकोणावर आहे ते क्रमाने लिहायचं ठरवून आज बसले आहे. तुमचा क्रमांक त्यात शेवटचा आहे, पण आहे.

आधी तो व्हिडिओ पुन्हा लावा. मांडवात पिवळ्या साड्या नेसलेल्या बारा-पंधरा बायका आहेत, हातात छापलेले कागद आहेत आणि मधे पाटावर नवरी. ती नवरी म्हणजे माझ्या पुतण्याची मुलगी. तुम्ही लहानपणी सुट्टीत यायचात तेव्हा तुम्हाला पेरूच्या झाडावर चढवायची ती. डाव्या कोपऱ्यात प्लास्टिकच्या खुर्चीवर एक म्हातारी बसली आहे. ती माझी मोठी जाऊ, नवरीची आजी. गाणं तिचं आहे. तिने केलेलं, पन्नास वर्षं तिने गायलेलं. आता तिच्या तोंडाकडे बघा. सगळ्या गातात आणि तिचं तोंड बंद आहे. तुमच्या पंधरा बदामांत हे कोणालाच दिसलं नाही.

आपला मळा पवनारजवळ, धाम नदीच्या काठाला. मेथी, पालक आणि सांभार, म्हणजे तुमची कोथिंबीर. दुपारी तीनला भाजी उपटायला सुरुवात होते, उन्हं उतरेपर्यंत जुड्या बांधून, हौदात मुळं धुवून, टोपल्यात रचून ठेवायच्या आणि पहाटे वर्ध्याच्या बाजारात न्यायच्या. मी बी. ए. इंग्रजी करून या घरात आले. सकाळी बसने वर्ध्याला शाळेत शिकवायला जायची आणि दुपारी परत आले की सासूबाई म्हणायच्या, "मास्तरीण बाई, हात रिकामेच आहेत ना तुमचे?" मग मीही जुड्या बांधायला बसायची. माझी जुडी कधीच धड बसली नाही. केळीच्या वाळल्या सोपटाच्या दोरीची गाठ मी मारली की पाला एकीकडे आणि मुळं दुसरीकडे.

पहिल्याच दिवशी एक गोष्ट लक्षात आली. जुड्या कोणी मोजत नव्हतं. जाऊबाई गात होत्या, बाकीच्या बायका मागून म्हणत होत्या. एक कडवं संपलं की गाठ ओढायची आणि जुडी डाव्या हाताला ठेवायची. गाण्याची कडवी बारा. गाणं संपलं की प्रत्येकीपुढे एक डझन तयार. मग पुन्हा पहिल्यापासून. बाजारात आमच्या मळ्याच्या डझनात कधी एक जुडी कमी आली नाही, जास्तही नाही. सासूबाईंना त्या गाण्याचं एवढंच कौतुक होतं.

मी शिस्तीची बाई. आठवड्याभरात वही काढली आणि जाऊबाईंना म्हटलं, सांगा, लिहून घेते.

"लिवून काय करतं?" त्या म्हणाल्या.

"हरवायला नको."

"हारपलं तं हारपलं," त्या म्हणाल्या, पण सांगितलं. पहिलं कडवं असं आहे:

धामीच्या पाण्यात धुतली मेथी,
तू गेला त्या वाटेवर राह्यली रेती.

आणि पाचवं:

पाला गेला बाजारले, माती राह्यली हाताले,
काय सांगू रे घरी पुसणाऱ्याले.

लिहिता लिहिता मी सहज विचारलं, यातला 'तू' कोण? त्या हौदाच्या काठावर बसल्या होत्या. आजूबाजूला कोणी नव्हतं. त्यांनी सांगितलं. सेलूकडे त्यांचं माहेर, तिथे शेजारच्या मळ्यातला एक मुलगा होता, जातीने वेगळा. दोघांनी एकमेकांना फारसं काही म्हटलंही नव्हतं. बांधावर उभं राहून बोलताना एकदा त्यांच्या वडिलांनी पाहिलं आणि आठ दिवसांत त्यांना हळद लागली. तो मुलगा गाव सोडून गेला. पुढे कुठे गेला हे त्यांना कधी कळलं नाही, आणि विचारणार कोणाला? लग्नानंतरच्या पहिल्या वर्षात, जुड्या बांधता बांधता, एकेक करत बारा कडवी झाली.

"सासूले काय वाटलं असंन?" मी विचारलं. तेव्हा मीही त्यांच्यासारखं बोलायला शिकत होते.

"तिले काय वाटते? हात चालला पायजे."

पण सासूबाईंनाही वाटत असणार. गाणं सातव्या-आठव्या कडव्यापर्यंत आलं की त्या पदराने डोळे टिपायच्या. कांदे चिरताना डोळ्यांत पाणी येतं, मेथीने येत नाही. मजुरीला येणारी एक बाई होती, तिचा नवरा नागपूरला कामाला म्हणून गेला तो परतलाच नाही. ती तिसरं कडवं म्हणताना सुरात मागे पडायची आणि बाकीच्या तिच्यासाठी थांबायच्या. टोपल्या नेणारा ऑटोवाला ते गुणगुणत बाजारात जायचा. त्याचं कोण सुटलं होतं देव जाणे. पंधरा माणसं रोज त्या मुलासाठी रडत होती, आणि तो कोण हे फक्त मला माहीत होतं. मला, जिला सांगितलं होतं.

आता पुतण्याकडे येते. त्याला वाईट म्हणायचं मला जमत नाही, हीच चीड आहे. आईवर जीव आहे त्याचा. आई गाते त्याचं रेकॉर्डिंग करून त्याने फोनची रिंगटोन केली होती. बाजारात कोणाचा फोन आला की आधी आईचा आवाज, मग हा 'हॅलो'. चार माणसांत सांगायचा, "माह्या मायचं गाणं आहे. आयकलं का जीव असा तुटते." आणि खरंच त्याचे डोळे भरायचे.

त्याच्या मुलीने बी. एस्सी. केलं. मागच्या वर्षी मळ्यात तुषार सिंचनाच्या नळ्या बसवायला तळेगावचा एक मुलगा आला होता. चार दिवसांचं काम होतं, पण नळीचं तोंड तुंबलं, पाणी कमी पडतं, असं काही ना काही निघून तो सहा महिने येत राहिला. दिवाळीत ती माझ्याकडे आली. मी फराळाचे डबे पुसत होते. ती दाराला टेकून उभी राहिली आणि एका दमात सगळं सांगून टाकलं.

"लहानी आजी, तू बोल ना बाबाशी. तुह्यं आयकते तो. आईजवळ काढलं तं घर डोक्यावर घेईन ते."

"बोलते," मी म्हटलं. "पण योग्य वेळ बघून."

"कधी?"

"दिवाळी होऊ दे."

दिवाळी झाली. मग पुतण्याची कमर धरली. मग गव्हाची पेरणी. मग एक दिवस कळलं की अमरावतीकडचं स्थळ बघून गेलं आणि त्यांना मुलगी पसंत आहे. ती मळ्यात माझ्यासमोर येऊन उभी राहिली. मी म्हटलं, "थांब, अजून काही ठरलं नाही." दोन दिवसांनी सुपारी फुटली. मी शाळेत चौतीस वर्षं मुलांना वेळेवर या, वेळेवर या म्हणत आले. स्वतः वेळ बघत बसले ती अशी.

अमरावतीचा मुलगा वाईट नाही, असं सगळे म्हणतात. वाईट नसणं ही काय पात्रता झाली?

लग्नाच्या पंधरा दिवस आधी पुतण्या माझ्याकडे कोरा कागद घेऊन आला. "काकू, हळदीले सगळ्या बायांनी मायचं गाणं म्हणायचं. व्हिडिओवाला येऊन राह्यला. पण ते 'तू गेला, तू गेला' लग्नात बरं नाई दिसत. तुमी इंग्रजीच्या मास्तरीण. जरासं सुधरवून द्या."

आणि मी सुधारलं. यासाठी मी स्वतःला माफ करणार नाही आणि तुम्हीही करू नका. दहा मिनिटं लागली. 'तू गेला त्या वाटेवर'च्या जागी 'माहेरच्या वाटेवर' घातलं. 'काय सांगू रे'चं 'काय सांगू माय' केलं. प्रियकर गेला, आई आली, आणि सासरी निघालेल्या मुलीचं छान गाणं तयार झालं. बाराव्या कडव्याशी अडले. ते कुठूनही वळवता येईना, म्हणून गाळलं. उरलेल्या कडव्यांना व्यवस्थित आकडे घातले, एक ते अकरा. पुतण्याने ते वर्ध्याहून छापून आणलं, वर कलशाचं चित्र टाकून.

जाऊबाईंना वाचता येत नाही. त्यांना कोणी काही विचारलं नाही. त्यांना वाटलं, आपलंच गाणं आहे, आपण सुरू करू, बायका मागून म्हणतील. हळदीच्या दिवशी सकाळी दहाला त्यांना नवं लुगडं नेसवून खुर्चीवर बसवलं. त्यांच्या सुनेने, म्हणजे नवरीच्या आईने, कागद बघून सुरुवात केली. दुसऱ्या ओळीला जाऊबाईंनी हात वर केला.

"थांबा. हे कोनं केलं?"

सगळ्यांना वाटलं त्या खूश झाल्या. सून म्हणाली, "काकूनं केलं, आत्याबाई. चांगलं केलं ना?"

जाऊबाईंनी माझ्याकडे बघितलं. आवाज चढवला नाही.

"यायले कोनाले माईत नव्हतं," त्या म्हणाल्या. "तुले तं मी सांगतलं होतं."

मांडवात कोणाला काही समजलं नाही. मला समजलं, आणि पाटावरच्या मुलीला तिच्यापुरतं समजलं; तिनेही मलाच सांगितलं होतं. ती हळदीच्या हातांनी अर्धवट उठली आणि सगळ्यांसमोर मला म्हणाली, "आता बोल ना, लहानी आजी. आता तं योग्य वेळ आहे."

मी तोंड उघडलं. काय म्हणायचं ते जुळवू लागले. पुतण्या मांडवाच्या दाराशी कोणाशी तरी बोलत होता, त्याच्यासमोर कसं मांडावं, पाहुणे आहेत, मुलाकडची उष्टी हळद घेऊन आलेली माणसं आहेत, शब्द बरे पाहिजेत. मी शब्द बघत राहिले आणि सुनेने मुलीच्या खांद्यावर हात ठेवून तिला खाली बसवलं. "काकूले काऊन त्रास देतं? बस, व्हिडिओ चालू आहे." बायकांच्या हातात कागद होतेच. त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. तुम्ही बघितला तो भाग इथून पुढचा आहे.

लग्न झालं. ती अमरावतीकडे गेली.

दुसऱ्या दिवसापासून जाऊबाई मळ्यात आल्या नाहीत. घरी ओसरीवर बसून राहिल्या. विचारलं तर, "गुडघे दुखते." सत्तर वर्षांत गुडघ्यांनी त्यांना कधी अडवलं नव्हतं. मळ्यात गाणं सुरू करणारी कोणी राहिली नाही म्हणून सून सुरू करू लागली. तिला पंधरा दिवस घोकून कागदावरचंच पाठ झालं होतं. बायका तिच्या मागे. हात गाण्यावर चालत होते, पन्नास वर्षं चालत आले तसे.

आठ-दहा दिवसांनी पुतण्या भर दुपारी माझ्या अंगणात आला, चप्पल न काढता.

"काकू, तुमच्या गाण्यानं वाटोळं केलं!"

"काय झालं?"

"डझनात अकरा बसून राह्यले! रोज! बाजारात त्या व्यापाऱ्यानं टोपली माह्या पायावर उलटवली. म्हने, तुह्या मायच्या हाताखाली कधी एक जुडी कमी नाई आली, तू लेका डोळ्यात धूळ फेकतं? चार लोकांसमोर म्हने! बायांले म्हटलं मोजा, तं म्हनते आमी कधी मोजलं नाई. गानं संपलं का डझन."

मला हसू आलं. खरं सांगते, आधी हसूच आलं. मग राग आला. मुलीसाठी मी चार महिने गप्प होते, आणि हा मेथीच्या जुडीसाठी धावत आला होता. पण त्याच्यावर ओरडण्याचा मला काय अधिकार?

"बारावं कडवं मी काढलं," मी म्हटलं. "म्हणून अकरा."

"मंग टाका ना परत!"

वही काढली. वहीत मी तेव्हाच, त्या हौदाच्या काठावरच, अकरा लिहिली होती. बाराव्यापुढे माझ्याच अक्षरात होतं, 'नीट लागत नाही, नंतर बघू.' म्हणजे पन्नास वर्षांपूर्वीही मी ते बाजूलाच ठेवलं होतं. पाठ मात्र होतं, रोज कानावर पडणारं पाठ होणारच. पण त्याला मी सांगितलं नाही. म्हटलं, "चल, तुझ्या आईला विचारू."

जाऊबाई ओसरीवर तांदूळ निवडत होत्या. पुतण्याने सगळी तक्रार सांगितली, अकरा, टोपली, व्यापारी. त्यांनी मान वर केली नाही.

"जिनं काढलं तिनं सांगावं," त्या म्हणाल्या. "मी नाई सांगत. अन् तुले म्हनून दाखवावं, उभ्यानं."

"मले? मले कायले? बायांले सांगा."

"तुले."

मला गळा नाही. शाळेत प्रार्थनेलाही मी नुसते ओठ हलवायची. पण मी उभी राहिले आणि त्याच्या तोंडाकडे बघून म्हटलं, गायलं नाही, नुसतं म्हटलं:

हळद लागली अंगाले, नाई लागली जिवाले,
तुह्यं नाव देलं मी धामीच्या पाण्याले.

 हे कडवं त्याच्या खिशातल्या फोनमध्येही होतं, शेवटी. तिथपर्यंत रिंग कधी वाजली नसेल. पण लहानपणापासून हजार वेळा कानावर पडलेलंच होतं.

"हे कोनासाठी आहे, माय?" त्याने विचारलं.

"तुह्या बापासाठी नाई," जाऊबाई म्हणाल्या आणि तांदळातला खडा काढून अंगणात टाकला.

मग मी सांगितलं. दिवाळीत मुलगी माझ्याकडे आली होती ते, तळेगावच्या मुलाचं, मी काय कबूल केलं होतं ते. अगदी साध्या शब्दांत. जे शब्द मी चार महिने जुळवत होते ते एका मिनिटात संपले. पुतण्या लालबुंद झाला.

"तुमाले माईत होतं? अन् तुमी आता सांगता?"

"हो."

"आता सांगून काय फायदा?"

"काही नाही. तरी ऐक. आणि मला सांग, दिवाळीत सांगितलं असतं तर तू काय केलं असतंस?"

तो पायरीवर बसला.   'हो म्हटलं असतं' असं खोटं बोलला नाही, एवढं त्याच्या बाजूने लिहिते. नाही म्हणाला असता हे त्यालाही कळत होतं आणि मला दिवाळीतही कळत होतं. पण नकार त्याच्या तोंडून यायला हवा होता, त्या मुलीच्या समोर. तिला भांडायला तरी मिळालं असतं. मी तिला तेवढंही मिळू दिलं नाही.

"माह्या बापानं जे केलं तेच केलं तू," जाऊबाई मुलाला म्हणाल्या. "अन् फोनात माह्यं गानं लावून फिरतं."

दुसऱ्या दिवशी तीन वाजता जाऊबाई काठी घेऊन मळ्यात आल्या. गोणपाटावर बसल्या आणि गायला लागल्या, बाराच्या बारा. सुनेला मागून म्हणावं लागलं. मीही बसले होते, सगळ्यांच्या शेवटी, वाकड्या जुड्या बांधत. बाराव्या कडव्याला पुतण्या उठून गेला आणि त्याने मोटर सुरू केली. सकाळीच ओलित झालं होतं, वाफ्यात पाणी उभं होतं. तरी मोटर चालू राहिली गाणं संपेपर्यंत. आता तो रोज असंच करतो. त्याच्या फोनची रिंग साधी घंटीची आहे. डझन पुन्हा बाराचा झाला, व्यापारी खूश आहे.

मुलीचा फोन तिच्या आजीला येतो, आठवड्यातून दोनदा. मला येत नाही. मी केला तर उचलते, 'बरी आहे' म्हणते आणि ठेवते. तिचं बरोबर आहे.

आता तुमचा क्रमांक. शब्द मी पाठवणार नाही. वर जी तीन कडवी लिहिली ती गोष्ट समजावी म्हणून लिहिली. ती तुमच्या कुठल्या कार्यक्रमात म्हणू नका, त्यांना चाल लावू नका, कोणाला पुढे पाठवू नका. गाणं गोड आहे असं तर मला मुळीच लिहू नका. व्हिडिओ पुसून टाका. आणि दोघांनी तिला फोन करा. नंबर तुमच्या आईकडे आहे. कशी आहेस विचारू नका, त्याचं उत्तर 'बरी' हेच येतं. तिला सांगा, तुझ्या लहानी आजीने आम्हाला सगळं लिहिलं आहे, स्वतःचं नाव न लपवता. मग ती जे बोलेल ते ऐका. शिव्या दिल्या तर त्या मला क्रमाने लिहून पाठवा, एकही न गाळता.